टोपली कुणासाठी?

‘गिफ्ट हॅम्पर’ हा शब्द नवा असेल, पण टोपली भरून देणं काही आपल्याला नवीन नाही. डोहाळजेवणाची ओटी घ्या, लग्नातलं रुखवत घ्या, संक्रांतीचं वाण घ्या, माहेरवाशिणीला परत पाठवताना बांधून दिलेली शिदोरी घ्या... एका अर्थी सगळी हॅम्परंच की! अधिक महिन्यात जावयाला द्यायचे तेहतीस अनारसे तर अगदी ‘थीम’वालं प्रकरण. माणूस ठरलेला, वस्तू ठरलेली, आकडासुद्धा ठरलेला. २०२३ च्या अधिक श्रावणात आमच्या शेजारणीने ते तेहतीस अनारसे तळता तळता जावयाबद्दल जी मुक्ताफळं उधळली ती मात्र मी इथे देत नाही :-)

तर मला या टोपल्या भरायचा नाद आहे. कुणाचं काही असलं की माझं डोकं आपोआप त्या दिशेने चालायला लागतं. घरचे याला ‘हिचं किराणा दुकान’ म्हणतात. म्हणोत बापडे. गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांनी ‘अगं, अमक्याला काय देऊ, सुचव ना’ असं विचारलं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधी टोपलीबद्दल. दुकानात मिळणारी चकचकीत कागदात गुंडाळलेली टोपली मला आवडत नाही. आत अर्धा भाग नुसत्या कागदाच्या चिंध्या असतात आणि वर चार काजू मांडलेले असतात. आपल्याकडे बुरूड लोक बांबूच्या इतक्या सुंदर वस्तू करतात... परडी, दुरडी, सूप, रोवळी! पुण्यात तर एक अख्खी बुरूड आळी आहे. रोवळी दिली तर भेट संपल्यावर तिच्यात तांदूळ धुता येतात, सूप दिलं तर पाखडता येतं. (हल्ली कोण पाखडतंय म्हणा. पण भिंतीवर तरी लावतात.) वरून झाकायला एखादा सुती पंचा नाहीतर जुन्या साडीचा तुकडा. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोल आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा अनेकांना प्रश्न पडला की आता सजावट कशी करायची. माझी टोपली तशीच भरत राहिली.

भरायचे दोनतीन साधे नियम आहेत. जड वस्तू तळाला. काचेच्या बरण्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत, मध्ये रुमाल किंवा मोजे घालायचे, म्हणजे तीही भेटच होते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे साबण, उदबत्ती, उटणं यांच्या शेजारी लाडू-चिवडा ठेवायचा नाही. दोन दिवसांत बेसनाच्या लाडवाला चंदनाचा वास लागतो. खायच्या प्रत्येक डब्यावर केल्याची तारीख चिकटवायची. घेणाऱ्याला ‘हे अजून चांगलं असेल का’ असा विचार करत बसावं लागू नये.

आता माणसांकडे वळू.

बाळंतीण. हिच्याकडे येणारी प्रत्येक टोपली खरं तर बाळाची असते. झबली, टोपडी, दुपटी, खुळखुळे. एका बाळाला तीन महिन्यांत पन्नास झबली येतात आणि त्यातली चाळीस अंगाला लागायच्या आत लहान होतात. आईसाठी काय येतं, तर डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. ते उत्तमच, मीही देते. पण त्याच्या जोडीला पुढून उघडणारे दोन मऊ गाऊन, एका हाताने उघडता येईल अशी पाण्याची बाटली, शेंगदाण्याची चिक्की (रात्री अडीच वाजता लागणाऱ्या भुकेसाठी) आणि एक चिठ्ठी ठेवते. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार, बाळ माझ्याकडे. तू झोप.’ आमच्या भाचीने ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून तीन महिने वसूल केली :-) एक गोष्ट मात्र या टोपलीत कधीही ठेवायची नाही, ती म्हणजे मध. बाळाला मध चाटवायची आपल्याकडे हौस फार, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर बजावून सांगतात. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्याशा आतड्याला ते झेपत नाहीत. घरात बरणीच नको, म्हणजे आजीला मोह नको.

होस्टेलवर चाललेलं पोर. याच्यासाठी भावनिक वस्तू अजिबात नकोत. फोटोफ्रेम वगैरे पहिल्या आठवड्यात कपाटाच्या तळाशी जाते. याला लागतं ते असं: दोन किल्ल्यांचं दणकट कुलूप, नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे, सुईदोरा, चार शर्टाची बटणं, डासांचं मलम, आणि नेलकटर. नेलकटर संपूर्ण मजल्यावर एकच असतो आणि तो ज्याचा असतो त्याच्या ओळखी आपोआप होतात, हा आमच्या लेकाचा अनुभव. खाण्यात मेतकूट आणि साजूक तुपाची घट्ट झाकणाची बरणी. मेसमध्ये भाजी कसलीही असो, भात असतोच. गरम भात, तूप, मेतकूट एवढ्यावर एक वाईट दिवस निभावतो. शेंगदाण्याची चटणी द्यायची तर दुप्पट द्यावी, कारण ती खोलीतल्या तिघांची असते.

परदेशी चाललेले. इथे प्रेमापेक्षा नियमांचा अभ्यास जास्त लागतो. दुबईला फराळ पाठवायचा असेल तर खसखस चालत नाही. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. म्हणजे अनारसे बाद! करंजीच्या सारणातली खसखस बाद! आपण चिमूटभर घालतो आणि पोरगं विमानतळावर अडकतं. ऑस्ट्रेलियाला पेढे, बर्फी, दुधाची कुठलीही मिठाई नेता येत नाही, जनावरांचे रोग येऊ नयेत म्हणून ते फार कडक असतात. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या? त्यात तेल असतं, उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतात म्हणून विमान वाहतुकीत खोबरं धोकादायक मालात मोडतं. म्हणून मी परदेशी टोपलीत गोडा मसाला, भाजणी, पोह्याचे पापड असलं देते, सगळं सीलबंद आणि वर नाव लिहिलेलं. नियम बदलत असतात, तेव्हा निघायच्या आधी त्या त्या देशाची यादी एकदा डोळ्यांखालून घालावीच. आणि एक छोटी किसणी देते. तिकडे सगळं मिळतं, पण आपल्यासारखी खोबरं-आलं किसायची किसणी मिळत नाही, असं माझ्या नणंदेचं पंचवीस वर्षांपासूनचं गाऱ्हाणं आहे.

आजारी माणूस. बघायला जाताना फळांची परडी न्यायची हा इतका पक्का रिवाज आहे की हॉस्पिटलच्या दारातच फळवाल्यांच्या गाड्या असतात. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्या बऱ्याच रुग्णांना पोटॅशियम मोजून खावं लागतं. केळी, संत्री, खजूर, जर्दाळू, नारळपाणी... म्हणजे आपण ज्या ज्या गोष्टी ‘शक्ती येईल’ म्हणून नेतो नेमक्या त्याच जपून. माझ्या मावसभावाचं डायलिसिस चालू असताना त्याच्या कॉटखाली शहाळ्यांचा ढीग असायचा आणि तो बिचारा बघणाऱ्यांच्या समाधानासाठी मान डोलवायचा. त्याला काय हवं होतं? उबदार मोजे, लांब वायरीचा चार्जर आणि इयरफोन. चार चार तास, आठवड्यातून तीनदा, एका हाताला सुया आणि दुसऱ्या हातात काहीच नाही. मी जुन्या मराठी गाण्यांची आणि नाटकांची एक यादी करून त्याच्या फोनमध्ये भरून दिली. आणि टोपलीत सोबत बसणाऱ्या वहिनीसाठी वेगळा डबा. रुग्णाच्या शेजारी स्टुलावर बसलेल्या माणसाला कुणीच काही आणत नाही.

दुःखाचं घर. याला भेट म्हणायला जीभ धजत नाही, पण टोपली इथेही लागते. घरात मृत्यू झाला की चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात. ही आपल्याकडची फार शहाणी पद्धत आहे. पहिले दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. खरी टोपली लागते ती तेराव्यानंतर, सगळे परत गेल्यावर. मी तेव्हा जाते. चहा-साखर, दुधाची पावडर, खिचडीचं मोजून ठेवलेलं डाळ-तांदळाचं पुडकं (एका माणसापुरतं, कारण एका माणसापुरता स्वयंपाक करायचा कसा हेच त्या दिवसांत कळत नाही). आणि एक फाइल. तिच्यात दोन पेनं, पाकिटं, स्टेपलर आणि एका कागदावर माझ्या अक्षरातली यादी: मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत झाली का, दाखल्याच्या प्रती, बँक, विमा, पेन्शन, गॅस, रेशनकार्ड, वीजबिलावरचं नाव. माझे वडील गेले तेव्हा आईला रडायला वेळ मिळाला तो या सगळ्या रांगा संपल्यावर. तेव्हापासून फाइल देते. फुलं देत नाही.

निवृत्त झालेले. शाल, श्रीफळ आणि घड्याळ! ज्या दिवसापासून माणसाला वेळ बघायची गरज उरली नाही त्याच दिवशी त्याला घड्याळ देण्याची कल्पना कुणाला सुचली असेल? आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर कॅशियरच्या पिंजऱ्यात बसले. त्यांना मी एक सॅक दिली. आत कानटोपी, छोटा थर्मास, लक्ष्मीनारायण चिवड्याचं पाकीट, महाराष्ट्राचा घडीचा नकाशा आणि एका पाकिटात एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’च्या सात दिवसांच्या पासाचे पैसे. तारखा त्यांच्या त्यांनी ठरवाव्यात म्हणून पास न काढता पैसे. महिनाभर पाकीट तसंच पडून होतं. मग एके दिवशी सकाळी साडेपाचला जिन्यात सॅक पाठीवर घेतलेले काका दिसले. ‘कुठे?’ म्हटलं. ‘माहीत नाही!’ म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले.

घरी कामाला येणाऱ्या ताई. इथे माझा नियम वेगळा आहे. आधी पैसे. दिवाळीला एक पगार जास्त, पाकिटात, दिवाळीच्या निदान आठ दिवस आधी, म्हणजे त्यांना त्यांची खरेदी त्यांच्या मनाने करता येते. त्यानंतर टोपली, आणि ती आमच्या नात्यागोत्यात जाते तशीच, त्याच तुपातली. पैशांच्या जागी टोपली देणं म्हणजे आपली हौस त्यांच्या गरजेवर लादणं. आणि कुणाकडून तरी आलेली सोनपापडी पुढे सरकवणं तर... असो. ती सोनपापडी गावभर फिरून शेवटी कुणाच्या दारात थांबते हे सगळ्यांनाच माहीत आहे.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला दिसली. बहुतेक वेळा आपण माणसाला देतच नाही. त्याच्या कपाळावर जी चिठ्ठी लागलेली असते तिला देतो. बाळंतीण आहे ना, मग झबलं. आजारी आहे ना, मग शहाळं. निवृत्त झाला ना, मग घड्याळ. आणि सर्वांत घट्ट चिकटलेली चिठ्ठी मी पाहिली ती आमच्या काकूच्या कपाळावर. म्हणजे कपाळावर काहीच नव्हतं, हीच चिठ्ठी.

काका गेले तेव्हा काकू एक्केचाळीस वर्षांची होती. त्यानंतरची तेवीस वर्षं तिला प्रत्येक लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीत साडी मिळाली ती एकाच कुळातली. फिकट बदामी, राखाडी, फार तर फिकट निळी. कुणी मिळून ठरवलेलं नव्हतं. दुकानात गेल्यावर प्रत्येकाचा हात आपोआप त्या कप्प्याकडे जायचा. एकदा तिच्या कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्या ठेवायला गेले तर मला वाटलं पावसाळी आभाळाची घडी घालून ठेवलीय.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे मोठं असतं. कैरीची डाळ काकूच्या हातची, पन्हं काकूच्या हातचं, ओटीसाठी हरभरे आदल्या रात्री भिजवायचे ते काकूनेच. आणि संध्याकाळी बायका यायला लागल्या की, ‘जरा पाठ टेकते’ म्हणून ती आतल्या खोलीत जाणार. तिला कुणीही जा म्हणत नसे. तिला कुणीही थांबही म्हणत नसे.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बाबतीतल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. बातमी वाचून मी ठरवलं, पुढच्या चैत्रात काकूची ओटी भरायची. खण-नारळ, सगळं. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, ‘तिला सवय झालीय गं. तू कशाला खपली काढतेस? उद्या चार बायका काही बोलल्या तर तू नसशील ऐकायला, ती असेल.’

आत्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. सुधारणा माझी आणि अवघडणं तिचं, असं व्हायला नको होतं. मग मी सगळ्यात सोपी गोष्ट केली. काकूलाच विचारलं.

ती हरभरे निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘खण नको गं. या वयात खणाचं काय करू, परकर शिवू?’ अजून थोडा वेळ गेला. ‘गजरा आण. मोगऱ्याचा. आणि रंग असलेलं एखादं सुती पातळ. आणि हे बघ, हरभरे दरवर्षी मी भिजवते. यंदा ओटीत मीच घालणार.’

घ्यायचं काय ते मी यादीत धरलं होतं. तिला द्यायचं होतं, हे माझ्या यादीत नव्हतंच.

परडी छोटीशीच भरली. पोपटी काठाचं आंबा रंगाचं सुती पातळ, गजरा केळीच्या पानात, वाळ्याच्या अत्तराची कुपी, दोन कैऱ्या. संध्याकाळी काकू बाहेर बसली, गौरीच्या शेजारी, हरभऱ्यांचं पातेलं मांडीजवळ घेऊन. पहिल्या दोघीतिघी तरुण होत्या, त्यांना काही वाटलंच नाही. एक बाई दारातूनच ‘आम्हाला अजून दोन घरं घ्यायची आहेत’ म्हणत परत फिरल्या. काकूने ते पाहिलं. पातेल्यातला वाटीचा चमचा तिने उगाचच दोनदा फिरवला. मग आत्या उठली, पुढे आली आणि तिने काकूसमोर पदर पसरला. काकूने वाटी भरून हरभरे घातले. दोघींपैकी कुणीही काही बोललं नाही. त्यानंतर रांग लागली.

गजरा तिने केसांत माळला नाही. रात्री उशाशी वाटीत पाण्यावर ठेवला. पातळ मात्र उलगडून बघितलं, दिव्याखाली धरलं, आणि मला विचारलं, ‘याला ब्लाउजपीस कुठे मिळेल गं? नेमका हाच पोपटी हवा. जवळपासचा नको.’ ब्लाउजपीससाठी आम्ही लक्ष्मी रोडची सात दुकानं पालथी घातली. पाय मोडले माझे!

तेव्हापासून मी प्रत्येक टोपलीच्या आधी माणसाला विचारते. सरप्राइजची मजा जाते हे खरं, पण बहुतेक लोक आपल्याला काय हवं हे सांगायला इतके उत्सुक असतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

यंदाच्या यादीत एक अडचण आहे. भाचीचा नवरा. विचारलं तर म्हणतो ‘काही नको मावशी, सगळं आहे.’ तीनदा विचारून झालं. तुमच्याकडेही असा एखादा ‘काही नको’वाला असेलच. तुम्ही त्याला काय देता, तेवढं सांगा बुवा!